हिवरदरीच्या लंगराला चौथी भिंत नाही

या बाजूनं या, पाहुणे. चपला चिंचेखाली राहू द्या, डोक्यावर रुमाल घ्या. निशाणसाहिबाच्या, त्या केशरी झेंड्याच्या मागं ते लांबट घर दिसतंय ना, ते आमचं लंगर, गुरुद्वाऱ्याचं स्वयंपाकघर. नीट बघा, त्याला तीनच भिंती आहेत. गावाकडची बाजू सताड उघडी. चुली, पराती, कणीक मळणाऱ्या बाया, सगळं खाली वेशीतूनही दिसतं. उन्हाळ्यात धूळ येते, श्रावणात झड आत येते, मग आम्ही ताडपत्री धरून उभे राहतो. पण भिंत काही कोणी बांधत नाही.

मी शीख नाही. घर कोळ्याचं. इथं लाकडं फोडता फोडता म्हातारा झालो. चुलत्यानं सांगितलं तसं सांगतो.

निजामाच्या अमलातली गोष्ट. फौजेतून सुटलेला ज्वालासिंग नावाचा शीख शिपाई बायकोला घेऊन या माळावर आला. दोघांनी मातीचं एक घर बांधलं, त्यात गुरू ग्रंथसाहिबाची स्थापना केली. शेजारी चार भिंतींचं स्वयंपाकघर. वाटसरू आला की त्याला खाली बसवायचं, पोटभर वाढायचं. बायकोचं नाव प्रेमकौर. ती नांदेडातच वाढलेली, मराठी आपल्यासारखीच बोलायची. गावाला तेच खटकलं म्हणे. "परक्या मुलखातली बाई, आणि बोलणं असं? कुठंतरी शिकून आली असणार." नवऱ्याच्या कमरेला तलवार. ती फौजेतली की दरोड्यातली, हे कोणाला ठाऊक? गावानं त्यांना राहू दिलं, पण पोरींना माळाकडं गुरं न्यायला मनाई झाली.

पुढं दोन पावसाळे कोरडे गेले. माणसं तरोट्याचा पाला उकडून खाऊ लागली. गावाची सारी भिस्त रंगराव पाटलाच्या पेवावर होती. जमिनीत खोल खड्डा, त्यात ज्वारी, वर मातीनं लिंपलेलं तोंड. पाटलानं गावासमोर पेव उघडलं, तर आत तळाला मूठभर दाणे. कोणीतरी आधीच उपसून नेलं होतं.

आणि माळावर रोज धूर निघत होता.

कोणी वेगळं सांगायची गरजच पडली नाही. पारावर जो तो माळाकडं बघायचा. अख्खा मुलूख उपाशी, मग त्यांच्या चुलीला दाणा कुठून? दार लावून का शिजवतात? वास्तविक माळावर वारा फार, दार उघडलं की चूल विझायची. प्रेमकौर नांदेडच्या संगतीकडून, म्हणजे तिथल्या शीख मंडळींकडून, डोक्यावर ज्वारी वाहून आणायची, आणि त्यात निम्मा पाला घालायची. पण विचारायला गेलं कोण? तेवढ्यात माळावर चरणारी कोणाची तरी शेळी मेली. मग लोक म्हणाले, ते अन्नच विषारी आहे. आधी पेव लुटलं, आता वाटसरूंना मारतात आणि त्यांचं सामान ठेवून घेतात.

एके दिवशी दुपारी गाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन चढलं. पुढं रंगराव पाटील. ज्वालासिंग तलवारीला हात घालून बाजूच्या बंद दारासमोर उभा राहिला. आत प्रेमकौर चुलीपाशी होती.

"दार उघड. आत काय दडवलंय ते दाखव," पाटील म्हणाले.

ज्वालासिंग म्हणाला, "दाखवीन. काठ्या खाली ठेवा."

"ठेवल्या की तलवार चालवशील."

कोणी मागं हटेना. अशा वेळी एक दगड पुरतो. पण दगड उडायच्या आधी आतून धाडधाड आवाज आला. माती कोसळली. धूळ बसली तर प्रेमकौर हातात कुदळ घेऊन उभी, आणि गावाकडची भिंत आडवी.

"बघा," ती म्हणाली. "दाराएवढं बघून तुमचं समाधान व्हायचं नाही. सगळंच बघा."

लोकांनी बघितलं. एक कढई, पाल्यानं हिरवी झालेली आंबील, कोपऱ्यात ज्वारीचं अर्धं गाठोडं. पेवातला माल कुठंच नव्हता. काही जणांच्या काठ्या खाली आल्या. पण संशय असा जात नाही, पाहुणे. तो फक्त जागा बदलतो.

पाटील म्हणाले, "विष नाही ना? मग तू आधी खाऊन दाखव."

"नाही खाणार," ती म्हणाली.

सगळा जमाव सळसळला. ज्वालासिंगच घाबरला. "अगं, एक घास खा. त्यात काय जातंय?"

"लंगर आधी संगतीचं, आलेल्या सगळ्यांचं. वाढणारी शेवटी जेवते. आज भीतीपायी आधी खाल्लं, तर उद्यापासून हे लंगर नाही राहायचं." तिचे गाल खपाटीला गेलेले सगळ्यांना दिसत होते. शेवटी जेवायचं म्हणता म्हणता किती दिवस तिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं, ते फक्त नवऱ्याला ठाऊक.

"हाच पुरावा!" मागून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा गर्दीतून पाटलाची सून गोदू पुढं आली. दिवस भरत आलेले, चालताना धाप लागत होती. पडलेल्या भिंतीची ढेकळं ओलांडून ती आत गेली आणि कढईसमोर मांडी घालून बसली.

"गोदू, ऊठ!" पाटील गरजले.

सासऱ्याशी कधी तोंड वर करून न बोललेली ती, मान खाली घालूनच म्हणाली, "मामंजी, पोटातल्याला भूक लागलीय. घरात काय आहे ते सांगा, उठते."

पाटील ढेकळांपाशीच थांबले.

प्रेमकौरनं हात जोडून अरदास म्हटली, देवाची प्रार्थना केली आणि वाढलं. गोदूनं खाल्लं. सारं गाव तिच्या तोंडाकडं टक लावून उभं राहिलं, ती आता कोसळेल म्हणून. कोणी म्हणालं, ओठ काळे पडतायत. कोणी म्हणालं, डोळे फिरले. गोदूनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली, वर बघितलं आणि म्हणाली, "आणखी वाढा."

मग एक म्हातारा बसला. मग एक बाई लेकरासह. शेवटी काठ्या बाहेर राहिल्या आणि माणसं आत. कढई संपलीच नाही, असं काहीजण सांगतात. चुलता म्हणायचा, संपली. प्रेमकौरच्या वाट्याला फक्त खरवड आली. ती मात्र पाटलांनी स्वतः उलथण्यानं खरवडून तिच्या हातावर ठेवली.

पाऊस पडल्यावर पाटील गडी घेऊन भिंत बांधून द्यायला आले. प्रेमकौर म्हणाली, "राहू द्या. पुन्हा कोणाला शंका आली, तर मला कुदळ शोधावी लागायची." पेव कोणी उपसलं, हे कधीच कळलं नाही. पाटलांच्या भावकीतल्याच कोणाचं तरी नाव पुटपुटतात. पण आम्ही ते शोधत बसलो नाही. कोणाच्या चुलीकडं त्या नजरेनं बघणं त्या दिवशी गावानं सोडलं, असं म्हणतात.

आजही हिवरदरीत, घर शिखाचं असो, मराठ्याचं असो की आमचं कोळ्याचं, सुनेला सातवा लागला की तिला इथं आणतात. पंगतीत ती एकटीच आधी बसते. सासू-सासरे समोर उभे राहतात, सगळं गाव उभं राहतं. आणि ती "आणखी वाढा" म्हणेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही.