नऊ मिनिटं मागे

"घड्याळ बरोबर केलं, हा काय गुन्हा झाला, अप्पा?"

सौमित्रने हे तिसऱ्यांदा विचारलं. अप्पांना घरून घेऊन तो डेअरीचा चढ चढत होता. तीस वर्षं डेअरीचे कॉम्प्युटर सांभाळून अप्पा निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची या लाडक्या शिष्याला मिळाली. पोरगा हुशार, पण हुशारी जरा उतू जाणारी.

"काय केलंस, ते सांग पुन्हा," अप्पा काठी टेकत म्हणाले.

"मुख्य कॉम्प्युटरचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे होतं. बाकीचे त्याच्याच वेळेवर चालतात. काल एका फटक्यात मागे घेतलं. आता सेकंदाचा फरक नाही!"

"आणि दूध तपासणाऱ्या शेवंताबाईंचं काय?"

"टँकर आल्याची नोंद दहा वाजून चार मिनिटांची. मग मी घड्याळ मागे घेतलं. त्यानंतर बाईंनी दूध तपासलं, तर नोंद पडली नऊ अठ्ठावन्नची."

"म्हणजे टँकर यायच्या आधीच दूध तपासलं. वा रे वा!"

बावीस वर्षांत बाईंच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आज अकरा वाजता साहेब त्यांना खोट्या नोंदीचा जाब विचारणार होते.

"बाईंना दूध तपासताना पाहिलंस तू?"

"समोरच होतो."

"मग?"

"मग... चूक माझी, असं सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"लागेल."

काल आपण किती तोऱ्यात मिरवलो ते आठवून सौमित्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगतो. बाईंच्या आधी मीच आत जातो."

अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हाताऱ्याचा फार जीव होता पोरावर.

"पण अप्पा, शीतगृहाचा कॉम्प्युटर वेगळा चालतो. तोही पाच मिनिटं पुढे आहे. मागे ओढायचं नाही, तर पुढे गेलेल्याला वेळेवर आणायचं कसं?"

अप्पा काठी टेकत चढत राहिले.

अकराला अजून वीस मिनिटं होती, पण सौमित्रला कुठला धीर! तो झपाझप चालत सुटला. वळणावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, शेजारी कोणीच नाही. दुखऱ्या गुडघ्याचे अप्पा पार खाली राहिले होते. ओशाळून तो परत उतरू लागला.

अप्पांनी काठी उंचावून त्याला थोपवलं...

"मागे येऊ नकोस, बाळा. पावलं जरा हळू टाक. मी येतोच आहे."

सौमित्रला उत्तर मिळालं: शीतगृहाचं घड्याळही मागे ओढायचं नाही, खरी वेळ गाठेपर्यंत जरा हळू चालवायचं.