राजाचं कोरं पान

एका राज्यात, जिथे मूल जन्मलं की त्याचं नाव आधी ताडपत्रावर कोरत आणि मगच कानात सांगत, तिथे एका सकाळी सारी पानं कोरी झाली.

राजाने सिंहासनासाठी एका मांत्रिकाचं ताडवन तोडलं होतं. मांत्रिक भांडला नाही. "माझे ताड मला परत मिळतील," एवढंच म्हणाला आणि नावांची पानं ठेवलेल्या ग्रंथशाळेवर फुंकर घालून गेला.

लोक आधी आपलं नाव विसरले, मग आपली माणसं. मग त्यांच्या पावलांना मुळं फुटली.

पानं कोरणाऱ्या सावळाईची लेक कुसुंबी तेवढी वाचली. तिचं पान दुरुस्तीला घरी होतं. पाल चुकचुकली तरी दचकणारी ही पोर आईसमोर उभी राहिली. आईचे घोटे खोडात गेले होते.

"कोण गं बाई तू?"

"कुसुंबी."

"बरं नाव आहे. कुणी ठेवलं?"

कुसुंबीला रडूही फुटेना. वळचणीची सुगरण चिमणी म्हणाली, "पान, लेखणी, काजळी. उद्या मावळतीच्या आत आण. नंतर कुणी माणूस उरायचं नाही."

समुद्रातल्या खडकावरच्या ताडाने पान दिलं. बदल्यात तिच्या केसांचा काळा रंग घेतला. वारुळातल्या नागाने लोखंडी लेखणी दिली. तिची झोप घेतली. तिने पान हळदीच्या पाण्यात उकळलं, वाळवलं, शंखाने घोटलं, आईचं नाव कोरलं. पानावर काही म्हणता काही दिसेना.

"संपलं सगळं," ती मटकन खाली बसली.

"कोरलेलं आपोआप कधी दिसलंय?" सुगरण म्हणाली. "काजळी कोण चोळायचं तुमच्याकडे?"

"आई."

तिने ग्रंथशाळेत जाऊन आईच्या जुन्या पानावरून बोट फिरवलं. चरे जागच्या जागी होते! मांत्रिकाने नुसती काजळी उडवली होती.

पण शापाने चुलींचा धूरही नेला होता. धुराचं लाकूड एकच उरलं होतं: त्या तोडलेल्या वनाचं, मांत्रिकाचं स्वतःचं. ती दरबारात धावली.

"जाळ सिंहासन," राजा म्हणाला. "बसायला आता गुडघे कुठे वाकतात?"

तिने काजळी धरली, तेलात कालवली आणि पानामागून पान चोळलं. पहिलं आईचं.

"कुसुंबे! केसांना काय झालं गं तुझ्या?"

मावळतीला एकच पान राहिलं, राजाचं. चोळलं, तरी कोरंच. राजाचं नाव कोरत नसत, वरून सोन्याच्या पाण्याने रंगवत. ते फुंकरीसरशी उडालं होतं.

"महाराज, नाव सांगा. लेखणी आहे, आत्ता कोरते."

राजा आठवत राहिला. तिने दरबाराकडे पाहिलं. कुणालाच ते ठाऊक नव्हतं. जन्मभर सारे त्याला महाराजच म्हणत आले होते.

"राहू दे, पोरी," राजा म्हणाला. सूर्य बुडाला आणि राजाचा ताड झाला.

मांत्रिक त्या एका ताडावर समाधान मानून शांत झाला. चुली धुरावल्या, बाजार भरला. राजकन्या गादीवर बसली, ती आधी स्वतःचं नाव कोरून घेऊन. सुगरणीने त्या ताडावर घरटं विणलं.

कुसुंबी त्याच्याखालून जाताना अजून दचकते. झावळी सळसळली की थांबते, राजाला नाव आठवलं की काय म्हणून.