बैलाच्या शिंगाने फुटलेला आरसा

एकदा एका जुन्या जीपचा डावा आरसा फुटला. आता आरसा फुटणे ही काही दृष्टांत सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पण तो फोडणारा शिष्य विद्वान होता, आणि विद्वानाच्या हातून काही फुटले की त्यामागे कारणही भारदस्त लागते.

जीप एका पाठशाळेची होती. तिथले वृद्ध आचार्य येत्या अक्षय्य तृतीयेला या शिष्याला शेजारगावच्या नव्या पाठशाळेचा प्रमुख नेमणार होते. जीपही त्यालाच मिळणार होती. या दिवसाची त्याने पाच वर्षे वाट पाहिली होती, आणि आता पंधरवडाच उरला होता.

त्या दिवशी बाजारातून येताना तो मनातल्या मनात आपल्या पहिल्या भाषणाची जुळवाजुळव करत होता. त्या नादात भागाबाई कुंभारणीच्या हातगाडीला जीप घासली. काच तडकली, माठ धडाधड कोसळले. शिष्याने तडकलेल्या आरशात पाहिले. मागे तांबड्या खापऱ्या चिमुकल्या दिसत होत्या, आणि हात उंचावून काहीतरी ओरडणारी भागाबाईही चिमुकली दिसत होती. ‘फार तर दोनचार फुटले असतील,’ असे स्वतःला बजावून त्याने गिअर बदलला.

“कशाने फुटला रे?” आचार्यांनी विचारले.

“बैल आडवा आला, गुरुजी. शिंग लागलं.”

“बैलाला नाही ना लागलं?”

“छे! तो आपल्या वाटेने निघून गेला.”

“समजूतदार दिसतो बैल,” आचार्य म्हणाले. “नवी काच बसवून टाक. नमुना मात्र नीट घेऊन जा.”

शिष्याने कागदावर आरशाचा आकार काढला, कापला आणि काचवाल्याच्या दुकानात जाऊन नेमका पालथा ठेवला. काच मोठी सुबक कापली गेली. घरी आणून पाहतो तर बसेना. उलटी केल्यावर मात्र चपखल बसली.

“उत्तम,” आचार्य तिच्या काळ्या पाठीकडे बघत म्हणाले. “आता फक्त दिसत काही नाही.”

शिष्य तणतणत पुन्हा दुकानात गेला. काचवाला शांतपणे म्हणाला, “महाराज, कागदाची वरची बाजू कुठली ते लिहून आणायचं असतं. आणि साधी काच नेऊ नका, ही फुगीर न्या. हिच्यात रस्ता पुष्कळ दिसतो. पण मागचं लहान आणि लांब दिसतं, तेवढं ध्यानात ठेवा.”

शिष्य हसला. प्रकाशाच्या परावर्तनावर त्याने स्वतः मुलांना दोन पाठ दिले होते, त्याला हे कोण शिकवणार?

तो परतला तेव्हा आचार्यांनी आरशाच्या चौकटीतले जुने तुकडे स्वतः काढून ठेवले होते. त्यातले काहीतरी त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधलेलेही होते. शिष्याने टेप लावून नवी काच बसवली. मग आचार्य आत गेले आणि आपला माठ घेऊन आले. वाळा घातलेला, काठोकाठ भरलेला. चैत्राचे ऊन रणरणत होते आणि पाठशाळेत गार पाणी म्हणाल तर एवढेच. तो माठ त्यांनी अंगणात, जीपच्या मागे डाव्या अंगाला नेऊन ठेवला.

“गाडी मागे घे. माठाच्या एक हात अलीकडे थांब. बघायचं ते आरशातच, मान वळवायची नाही.”

शिष्याला वाटले, ही जीप देण्याआधीची परीक्षा. तो ऐटीत बसला. आरशात माठ लिंबाएवढा दिसत होता. ‘अजून ढीगभर जागा आहे,’ असे म्हणत तो मागे गेला, आणखी मागे गेला, आणि फटकन आवाज झाला.

शिष्य घाबराघुबरा खाली उतरला. “गुरुजी, लांब दिसत होता हो! आणि केवढासा दिसत होता!”

आचार्यांनी उपरण्याची गाठ सोडली. तांबड्या खापराचा एक तुकडा निघाला.

“हा चौकटीत सापडला. तुझ्या बैलाचं शिंग भट्टीत भाजलेलं होतं म्हणायचं.”

शिष्याची मान खाली गेली. आपली नेमणूक गेली हे त्याला कळून चुकले, आणि त्याहून जास्त त्याला लाज वाटली.

“बाळ,” आचार्य म्हणाले, “आपल्या हातून जे मोडतं ते मागे पडलं की असंच दिसतं. लहान दिसतं, लांब दिसतं. आरशाचा त्यात दोष नाही. पण ज्याचं मोडलं, त्याच्या दारात ते पुऱ्या आकाराचंच पडलेलं असतं. ते बघायला गाडीतून उतरावं लागतं.” मग म्हणाले, “तृतीयेला दान द्यायचे घट आपण दरवर्षी भागाबाईकडूनच आणतो. ती देते का, तेवढं विचारून ये. नाही म्हणाली तर तुझी नेमणूकही राहिली.”

शिष्य पायीच निघाला. भागाबाईच्या अंगणात गुडघाभर खापऱ्यांचा ढीग होता. सणासाठी भाजलेली अख्खी भट्टी त्या गाडीवर होती. शिष्याने हात जोडले. भागाबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळले.

“गाडी पळाली तवा लई बारीक दिसत हुतास रं,” ती म्हणाली. “जवळनं तर चांगला धिप्पाड हाईस. खोच धोतार, आन् तुडव माती.”

त्याने माती तुडवली. रोज तुडवली. तृतीयेला घट भरले गेले, आणि आचार्यांनी पाणी सोडून झाल्यावर जीपची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

आज तोही आचार्य आहे. जीप सुरू करण्याआधी तो तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि मागे वाकून बघतो. त्याच्या शिष्यांना वाटते, ही वाहनाची प्रदक्षिणा. दोघे तर हात जोडून मागोमाग फिरतात. तो त्यांना अडवत नाही. त्यांच्या हातून काही फुटेपर्यंत त्यांनी निदान फिरायची सवय ठेवावी, एवढीच त्याची इच्छा आहे.