इनामदारांच्या मनात भरलेला कुत्रा

इनामदार भुजंगरावांच्या दारात चार किमती कुत्रे होते, पण गावात नाव निघायचं ते ठकूबाई धनगरणीच्या बिजल्याचं. तिच्या मेंढरांच्या तळावर जायचं तर आधी बाभळीपाशी थांबून हाळी द्यायची. ठकूबाईनं बिजल्याच्या डोक्यावर हात ठेवला, की मगच पाऊल पुढं टाकायचं. लोक हा नेम कौतुकानं सांगत आणि इनामदारांचा नुसता जळफळाट होई.

एकदा ते मुद्दाम हाळी न देताच तळात शिरले. बिजल्यानं त्यांचं धोतर टराटरा फाडलं.

इनामदार आपले चारही कुत्रे घेऊन चावडीवर गेले आणि त्यांनी पंचांना नि बिजल्यासकट ठकूबाईला बोलावून घेतलं. "हा कुत्रा माणसांवर धावतो. या बाईला तो आवरत नाही. माझ्या हवाली करा!"

ठकूबाईनं बिजल्याची दोरी सोडून दिली. "न्या की सरकार. आपण होऊन आला तर न्या."

इनामदारांनी मटणाचं हाडूक मागवून पुढं धरलं. बिजल्या गुरगुरला आणि ठकूबाईला चिकटून बसला. मग तिनं पदरातली भाकरी मोडली, तर इनामदारांचे चारही कुत्रे धावत येऊन तिचे पाय चाटू लागले.

"सरकार," ती म्हणाली, "हाडकासाठी हा तुमच्याकडं आला असता, तर तुम्हाला नकोसाच झाला असता. तसले चार आहेतच तुमच्याकडं."

इनामदार ताडकन उठले आणि त्यांनी आपल्या कुत्र्यांना हाक मारली.

एकही हलला नाही. ठकूबाईच्या हातात अजून अर्धी भाकरी होती.