पावसाची वाट बघणारी पेटी

घरातल्या वस्तू नुकत्याच बोलू लागल्या होत्या, त्या काळची गोष्ट. एका बंगल्याच्या भिंतीवर बागेच्या नळाला जोडलेली एक पेटी होती. दूरच्या केंद्राकडून हवामानाचा अंदाज ऐकून ती अंगणातल्या हिरवळीला पाणी सोडायची. एकदा तिने पाणी सोडलं आणि लगेच पाऊस आला.

"अगं, भिजलेल्याला आंघोळ घालतेस?" कावळा ओरडला. सगळी बाग हसली. तेव्हापासून पेटी धास्तावली.

पुढे रोज अंदाज यायचा, आज पाऊस. पेटी नळ बंदच ठेवायची. पाऊस मात्र केंद्राजवळ, डोंगरापलीकडेच पडून जायचा.

"पेटीताई, मुळं करपली गं," हिरवळ म्हणाली.

"जरा थांब बाई, येईलच तो. मी पाणी सोडलं आणि तो आला तर?"

"तर कावळा हसेल. पण नाही आला तर मी मरेन."

पेटीने वर पाहिलं. ढग दाटलेले होते. तरीही तिने घाबरत घाबरत नळ सोडला. भिंतीजवळची पाती हळूहळू उभी राहिली.

"आणि कुंपणाकडची गं?" पेटीने विचारलं.

"ती कालच वाळून गेली," हिरवळ म्हणाली.