म्हादूची सूर्यचूल

एका गावात म्हादू नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा, म्हणून त्याला काम सांगायला लोक घाबरत.

त्याची बायको सगुणा चुलीच्या धुरानं खोकून खोकून बेजार झाली होती. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, निरोप धाडला, "रविवारी येतो. घरात धूर दिसला तर पोरीला घेऊन जाईन."

सगुणाला काही जायचं नव्हतं. नवरा कसाही असला तरी तिचा त्याच्यावर जीव होता. तिनं बचत गटातून सूर्यचूल आणली. काळी पेटी, वर काच, त्यावर आरशाचं झाकण. जाळ नाही, धूर नाही, नुसत्या उन्हावर भात होतो.

गुरुवारी खुरपायला जाताना ती म्हणाली, "पेटीत तांदूळ लावलेत. ध्यान ठेवा."

म्हादूनं पेटी उचलून लिंबाच्या सावलीत ठेवली. संध्याकाळी तांदूळ जसेच्या तसे.

"सावलीत का ठेवली?"

"ऊन लागत हुतं तिला."

"अवं, उन्हातच ठेवायची. सावली आली की फिरवायची."

"असं व्हय. आता कळलं."

शुक्रवारी ती म्हणाली, "दह्याचं मडकं सांभाळा."

म्हादूनं मडकं भर उन्हात ठेवलं. सावली आली की फिरवलं. संध्याकाळी दह्याचा वास शेजारच्या तीन घरांत पोचला.

"अवं, दही सावलीत ठेवायचं, वर ओलं फडकं टाकून."

"असं व्हय. आता कळलं."

शनिवारी सूर्यचूल लिंबाखाली होती. वर ओलं फडकं.

सगुणा कपाळाला हात लावून बसली. मग तिनं बोटं मोजत पहिल्यापासून सांगितलं. "ऊब पाहिजे तर रंग काळा पाहिजे. पांढऱ्यात ऊब ऱ्हात न्हाई. वर काच. आरसा उन्हाकडं. अर्ध्या तासानं फिरवायचं. अन् मधेच उघडायचं न्हाई, कच्चं ऱ्हातं." भांडी काळी करायला आणलेला रंगाचा डबाही तिनं दाखवला. म्हादूनं सगळं सात वेळा घोकलं.

रविवारी सगुणा सूर्यचुलीत खिचडी लावून ओढ्यावर धुणं धुवायला गेली, आणि तात्या आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा, मिशाही पांढऱ्या. स्वयंपाकघरात धूर नाही हे बघून ते खूश झाले.

"झ्याक केलंत, जावईबापू. पण एस्टीची खिडकी फुटकी हुती, हाडं गारठली. जरा ऊब द्या." एवढं बोलून ते अंगणातल्या बाजेवर आडवे झाले आणि घोरू लागले.

म्हादूनं त्यांना खालून वर न्याहाळलं. पांढऱ्यात ऊब कशी राहणार? त्यानं डबा आणला आणि धोतरापासून रंगवायला घेतलं. मिशा सगळ्यात शेवटी केल्या, बारीक काम होतं. मग सूर्यचुलीची काच आणि आरसा काढला. खिचडी काय, रोज होते. मामा वर्षातून एकदा येतात. काच छातीवर ठेवली, आरसा उशाला लावला. अर्ध्या तासानं बाज फिरवली.

सगुणा परत आली तेव्हा तात्या नुकतेच जागे होत होते. त्यांनी हात पाहिले, धोतर पाहिलं, आरशात मिशा पाहिल्या.

"पोरी, घरात धूर न्हाई हे खरं," ते म्हणाले. "तरी बोचकं बांध."

ते उठू लागले तशी म्हादूनं छातीवरची काच दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मामा, मधेच उठू नका. कच्चे ऱ्हाल."