सारजाक्काच्या मांडीवरची खापरी

फुटलेलं मडकं बोलतं, हे माहीत आहे का रे तुम्हाला? नाही ना? मग ऐका.

एक होतं कुंभारांचं गाव. तिथं रीत अशी, की कुणाचं मडकं फुटलं तर खापऱ्या गुपचूप भट्टीमागे पुरायच्या. कुणाला दिसता कामा नयेत, बरं का. गावची कारभारीण होती सारजाक्का.

एकदा काय झालं, गावची नदी म्हणाली, "पुनवेला मी माहेरी चालले. पावसाळ्यात परत येईन. तोवर पुरेल एवढं पाणी भरून ठेवा." एवढं पाणी मावेल असा रांजण कुणी केल्याचं गावाला ठाऊकच नव्हतं. पण नाही केला, तर गाव तहानेनं मरायचं.

मग सगळ्यांनी मिळून हत्तीएवढा रांजण घडवला. उन्हात वाळत ठेवला, आणि तो तडकून फुटला. लोक कुदळी घेऊन पुरायला निघाले. सारजाक्कानं त्यांना थांबवलं. एक खापरी मांडीवर घेतली, बाळाला थोपटावं तशी थोपटली आणि विचारलं, "काय चुकलं गं आमचं?" तर खापरी बोलली. म्हणाली, "मला सावली हवी होती."

म्हातारे भिवाआबा हसले. म्हणाले, खापऱ्यांशी गप्पा मारून पाणी मिळतं होय?

मग दुसरा रांजण सावलीत वाळवला. भट्टीत घातला, आणि तो फुटला. त्याची खापरी म्हणाली, "माझ्या पोटात खडा राहिला." माती चाळणारा म्हादू रडायलाच लागला. सारजाक्का म्हणाली, "रडू नकोस रे. त्या मातीवरून माझाही हात फिरला होता. मलाही तो खडा नाही लागला."

ते ऐकून भिवाआबा उठले. भट्टीमागे गेले आणि खणू लागले. परत आले ते उपरण्यात एक काळी खापरी घेऊन. तरुणपणी त्यांनीही मोठा रांजण केला होता, बरं का. फुटला म्हणून लाजेनं पुरला होता.

"अक्के, हिलाही विचार," ते हळूच म्हणाले.

पन्नास वर्षं गप्प होती बिचारी. म्हणाली, "भट्टी उघडायची घाई केली. तीन दिवस निवू द्यायची होती."

मग तिसरा रांजण भाजला. तेवढ्यात पुनव आली. नदी गाठोडं घेऊन उभी. लोक म्हणाले, आता उघडू या. सारजाक्कानं नदीचा हात धरला. म्हणाली, "बाई, तीनच दिवस थांब." नदी थांबली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भट्टी उघडली. रांजण अख्खा निघाला. नदीनं तो काठोकाठ भरला, आणि सगळं गाव शांत झोपलं. तुम्हीही मिटा बघू डोळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी माहेरी गेली. गाव पोटभर पाणी प्यालं, आणि मग सगळे कुदळी घेऊन भट्टीमागच्या खापऱ्या उकरायला गेले.